गोड्या पाण्यातली कासवं: दिसतात किती, असतात किती?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. इथे पक्ष्यांवर ढीगभर धागे आहेत, फुलपाखरांवर आहेत, सापांवर तर हमरीतुमरीवर येईपर्यंत चर्चा झाल्या आहेत. कासवांचं शोधलं तर समुद्री कासवांच्या पिल्लांचे फोटो तेवढे सापडले. गोड्या पाण्यातली कासवं कुणाच्या खिजगणतीत नाहीत असं दिसतंय, म्हणून हा धागा.

मी हौशी माणूस, प्राणिशास्त्राची पदवी वगैरे नाही. एका तळ्यावर दुर्बीण आणि वही घेऊन बसतो. उन्हं चढली की ओंडक्यांवर, दगडांवर कासवं येऊन बसतात. ती मोजतो, वेळ आणि हवा लिहून ठेवतो. आता वही बरीच भरली आहे आणि प्रश्नही साचले आहेत. ऊन खायला आलेल्या कासवांवरून तळ्यात एकूण किती आहेत ते काढता येतं का? काल आलेलं कासव आज पुन्हा आलं हे ओळखायचं कसं? आणि वर्तनाचा अभ्यास करायचा म्हणजे लिहायचं काय? बहुतेक वेळ ती काहीच करत नाहीत!

जाणकारांनी लिहावं.

सडाफटिंग

बहुतेक वेळ काहीच करत नाहीत म्हणजे माझ्याच जातकुळीतली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कूर्मगती

तळ्याकाठी, धागा काढलात ते बरं केलंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. नाही, तसा आकडा काढता येत नाही. ओंडक्यावर बावीस कासवं दिसली याचा अर्थ त्या घटकेला बावीस कासवांना बाहेर बसावंसं वाटलं, इतकाच. पाणी गार आणि ऊन कडक असेल तर जास्त येतील, ढग आले की उतरतील. पोट भरलेलं कासव पचनासाठी जास्त वेळ उन्हात काढतं, अंडी पोटात असलेली मादीही तसंच करते. मऊ पाठीची कासवं तर पुष्कळदा चिखलात रुतून बसतात आणि श्वासापुरतं नाक वर काढतात. ती तुमच्या मोजणीत यायचीच नाहीत.

मग पिंजरे लावून मोजावं, तर तिथेही तीच गत. रीम आणि रीम या दोघांनी १९६६ मध्ये पेंटेड टर्टल या उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतल्या कासवावर काम करून दाखवलं की पकडायची पद्धत बदलली की नर-मादी आणि लहान-मोठ्यांचं प्रमाणच बदललेलं दिसतं. तळं तेच, कासवं तीच. आमिषाच्या पिंजऱ्यात एक गट जास्त सापडतो, ओंडक्यावरच्या सापळ्यात दुसरा, हातजाळीत तिसरा. त्यामुळे 'या तळ्यात नर जास्त आहेत' असं कुणी लिहिलं की माझा पहिला प्रश्न असतो, पकडले कशाने?

एकूण संख्येसाठी जुनी पद्धत आहे ती खूण करून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं. समजा ४० कासवांवर खुणा करून सोडली. नंतरच्या खेपेला ५० सापडली, त्यांत १० खुणेची निघाली. म्हणजे खुणेच्या कासवांचं प्रमाण पाचात एक, म्हणून तळ्यात अंदाजे २००. गणित शाळकरी आहे, अडचण गृहीतकांची आहे. दोन खेपांच्या मधे कुणी आलं-गेलं नाही, खुणा पुसल्या नाहीत आणि प्रत्येक कासव सापडण्याची शक्यता सारखीच आहे, असं आपण धरून चालतो. तिसरं गृहीतक कासवं हमखास मोडतात. काहींना आमिषाची चटक लागते आणि ती रोज पिंजऱ्यात हजर होतात, काही एकदा सापडली की पुन्हा फिरकत नाहीत. पहिल्या प्रकारची जास्त असतील तर आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो, दुसऱ्या प्रकारची असतील तर फुगतो. म्हणून हल्ली दोनच खेपांवर न थांबता वर्षानुवर्षांच्या पकडींचा इतिहास मांडून, सापडण्याची शक्यता आणि जगण्याची शक्यता वेगवेगळी काढतात.

तुमची वही मात्र फेकू नका. त्याच जागेवरून, त्याच वेळी, सारख्या हवेत वर्षानुवर्षं मोजलंत तर निदान वाढ-घट कळेल. हवेबरोबर पाण्याचंही तापमान लिहायला लागा.

तळ्याकाठी

धन्यवाद कूर्मगती! पिंजरे वगैरे माझ्या आवाक्यातलं नाही. ओळख पटवण्याचं काय?

कूर्मगती

अभ्यासकांची पद्धत १९३९ ची आहे. फ्रेड केगल या अमेरिकन संशोधकाने ती मांडली आणि आजही तीच थोड्या फेरफाराने वापरतात. कवचाच्या कडेने ज्या छोट्या ढालपट्ट्या असतात, त्यांना ठरलेल्या क्रमाने खाचा पाडायच्या. कुठल्या पट्टीवर खाच आहे त्यावरून कासवाचा क्रमांक. कासव म्हातारं होईपर्यंत ती वाचता येते. मऊ पाठीच्या कासवांना ढालपट्ट्याच नसतात, त्यामुळे तिथे कातडीखाली चिप घालणं सोयीचं.

पण हे परवानगीशिवाय करायचं नाही. कासव हातात घेणं हेच बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंद आहे. तुमच्यासाठी फोटो. डोक्यावरचे आणि मानेवरचे पट्टे, कवचाचा तुटका कोपरा, जुन्या जखमेचा वण, अर्धी शेपटी. लांब भिंगाने दोन्ही बाजूंनी फोटो काढून प्रत्येकाची फाइल करा. वणांवरून ओळखलेली मोजकी कासवं सलग काही वर्षं पाहिलीत तर ते काम निनावी शेकड्यांच्या मोजणीपेक्षा वरचढ ठरेल.

आणि कवचावरची वलयं मोजून वय सांगायच्या भानगडीत पडू नका. वाढत्या पिल्लात ती थोडीफार चालतात. वयात आल्यावर वाढ मंदावते, वलयं एकमेकांत मिसळतात, झिजून गुळगुळीत होतात.

अनघा_पाणथळ

'काहीच करत नाहीत' यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी पद्धतीचं. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राणीवर्तन नोंदवण्याच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. त्या माकडांवर काम करायच्या, पण तो निबंध आजही सगळ्यांना लागू आहे. आपण सहसा काय करतो? काहीतरी मजेशीर दिसलं की लिहितो. त्यामुळे वहीत भांडणं आणि धक्काबुक्कीच जास्त भरते, नुसतं बसून राहणं लिहिलंच जात नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करून पाहा. ठरावीक मिनिटांनी संपूर्ण ओंडक्यावर नजर फिरवायची आणि त्या क्षणी प्रत्येक कासव काय करतंय ते लिहायचं. नाहीतर एकच कासव निवडायचं आणि ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे बघायचं, शेजारी कितीही दंगल झाली तरी. दुसरं फार अवघड जातं, करून बघाच.

त्याआधी वर्तनांची यादी हवी आणि प्रत्येकाची व्याख्या दुसऱ्या कुणालाही कळेल इतकी उघड हवी. 'आराम करतंय' हे चालणार नाही. 'मान बाहेर, डोळे मिटलेले, मागचे पाय ताणून बोटं पसरलेली' हे चालेल. तोंड उघडून दुसऱ्यावर रोखणं, चावणं, ढकलून पाण्यात पाडणं, पाठीवर चढणं, हे सगळं वेगवेगळं लिहा. चांगल्या जागेसाठी ओंडक्यावर रीतसर मारामारी चालते आणि त्यात आकार मोठा असणाऱ्याचं पारडं बरेचदा जड असतं. स्लायडर (घरोघरी पाळलं जाणारं अमेरिकन कासव) या जातीचा नर मादीसमोर पोहत येऊन पुढच्या पायांची लांब नखं तिच्या चेहऱ्यासमोर थरथरवतो. पाणी नितळ असेल तर तेही दिसेल.

आता ऊन खाण्याबद्दल. शरीर तापवणं हे मुख्य कारण हे सगळ्यांना पटतं. कवच वाळल्याने जळवा आणि शेवाळ गळतं, 'ड' जीवनसत्त्व मिळतं, हीही कारणं दिली जातात. पण मग रात्री काय? ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या रॉस नदीत कासवं रात्री ओंडक्यांवर येऊन बसलेली आढळली. नॉर्डबर्ग आणि मॅकनाइट या संशोधकांनी मग जगभरच्या सहकाऱ्यांना कॅमेरे लावायला सांगितलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. उष्ण प्रदेशातल्या अनेक जातींमध्ये हे सापडलं, थंड प्रदेशात नाही. पाणी रात्रीही फार कोमट राहतं म्हणून ती गार व्हायला बाहेर येत असावीत, असा त्यांचा कयास आहे. इतकी वर्षं लोक ओंडक्यांकडे बघत होते, पण दिवसाच!

सडाफटिंग

रात्री गच्चीवर झोपणारी कासवं. आता खरंच जातकुळी जुळली.

शंकेखोर

लेख आणि प्रतिसाद उत्तम. पण एक रोखठोक प्रश्न. खाचा पाडा, ट्रान्समीटर चिकटवा, पिंजऱ्यात अडकवा, हे सगळं करून कासवांचं भलं काय होतं? अंडी कुत्री-कोल्हे खातात हे सगळ्यांना माहीत आहे. अंडी गोळा करा, उबवा, पिल्लं सोडा. विषय संपला. त्याला एवढं संशोधन कशाला?

कूर्मगती

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. विषय मात्र तिथे संपत नाही, सुरूच तिथे होतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ई. एस. जॉर्ज रिझर्व्ह नावाचं राखीव क्षेत्र आहे. तिथे १९५० च्या दशकात ओवेन सेक्स्टन यांनी कासवांवर खुणा करायला सुरुवात केली, पुढे जस्टिन काँगडन यांनी ते काम कित्येक दशकं चालवलं. ब्लँडिंग्ज टर्टल ही त्यांतली एक जात, पिवळ्या गळ्याची. वयात यायला तिला १४ ते २० वर्षं लागतात. १९५४ मध्ये खूण केलेली एक मादी २०१६ मध्ये पुन्हा सापडली, तेव्हा तिचं वय ऐंशीच्या पुढे होतं आणि ती अजून अंडी घालत होती. खूण करणारे निवृत्त झाले, बाई कामावर!

काँगडन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या नोंदींवरून हिशेब मांडला. अंडी बहुतेक वर्षं बुडीत खात्यातच जातात, ते कासवांनी गृहीतच धरलंय. म्हणून तर एक मादी अनेक दशकं अंडी घालत राहते. पण या व्यवहारासाठी मोठी कासवं वर्षाकाठी जवळपास सगळी जगावी लागतात, आणि अर्धवट वाढलेली पिल्लंही बऱ्याच प्रमाणात. प्रौढांच्या मृत्यूत वर्षाला थोडी भर पडली तरी संख्या हळूहळू ओसरते. ती तूट अंडी उबवून भरून काढणं जवळजवळ अशक्य. तुम्ही शंभर पिल्लं सोडलीत आणि त्याच वर्षी चार जाणत्या माद्या मारल्या गेल्या तर तुम्ही नुकसानीत असू शकता.

हे कागदावरचं वाटत असेल तर कॅनडातल्या अल्गॉनक्विन उद्यानाचं उदाहरण बघा. तिथे १९७२ पासून रॉन ब्रूक्स यांच्या गटाने स्नॅपिंग टर्टल या मोठ्या, चावऱ्या कासवाच्या नोंदी ठेवल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सलग काही हिवाळे पाणमांजरांनी गोठलेल्या पाण्याखाली निपचित पडलेली प्रौढ कासवं मारली. संख्या झपकन खाली आली. नंतर मारणं थांबलं, अधिवास शाबूत, शिकार नाही. तरीही वीसेक वर्षांनंतर संख्या सावरलेली नव्हती. खुणा केलेल्या नसत्या तर हे कुणालाच कळलं नसतं, कारण त्या पाण्यात कासवं तर दिसतच होती. म्हातारी कासवं ओंडक्यावर निवांत बसलेली असतात, आपण म्हणतो 'आहेत की भरपूर'. मागून कुणी येत नाहीये हे दिसायला एक पिढी जावी लागते.

भटकभवानी

कूर्मगतींना +१००. यात रस्त्यांची भर घाला. नर बहुतेक पाण्यातच राहतात, अंडी घालायला मादीला जमिनीवर यावं लागतं. पाणथळीलगत रस्ता गेला की चिरडल्या जातात त्या बहुतेक माद्या. उत्तर अमेरिकेत रस्त्यांची घनता जास्त असलेल्या भागांत नरांचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. वर रस्त्याकडेची मोकळी, तापलेली माती त्यांना अंड्यांसाठी पसंत पडते, म्हणजे फासाचं दोर आपणच टांगून ठेवल्यासारखं.

आणि लिंग तापमानावर ठरतं हे विसरू नका. स्लायडरची अंडी २६ अंश सेल्सिअसला ठेवली तर सगळे नर, ३१ ला सगळ्या माद्या, २९ च्या आसपास मिश्र. स्नॅपिंग टर्टलमध्ये गार आणि गरम दोन्ही टोकांना माद्या आणि मधे नर. उबवण्याच्या काळातला मधला तिसरा हिस्सा यात निर्णायक असतो. मऊ पाठीच्या कासवांत मात्र लिंग गुणसूत्रांवरच ठरतं, तिथे तापमानाचा संबंध नाही. तेव्हा 'अंडी गोळा करा, उबवा' म्हणणाऱ्यांनी कुठल्या तापमानाला हेही सांगावं, नाहीतर एकाच लिंगाच्या फौजा तयार होतील.

शंकेखोर

मान्य. पण मग गर्भच अंड्यातल्या अंड्यात हवी तशी जागा निवडून तापमान ठरवतो असं मध्ये वाचलं होतं, त्याचं काय?

अनघा_पाणथळ

त्यावर जोरदार वाद आहे. चिनी मऊ पाठीच्या कासवाचा गर्भ अंड्याच्या उबदार बाजूला सरकतो असं २०११ मध्ये छापून आलं. २०१९ मध्ये दुसऱ्या एका जातीबाबत, हे सरकणं पिल्लाच्या लिंगावरही परिणाम करतं असा दावा झाला. उलट बाजूचे म्हणतात की एवढ्याशा अंड्यात दोन टोकांच्या तापमानातला फरक नगण्य असतो, आणि ज्या काळात लिंग ठरतं तेव्हा गर्भाला सरकायला स्नायू आणि जागा दोन्ही पुरेसं नसतं. मला स्वतःला दुसरी बाजू जड वाटते.

त्यापेक्षा मला आवडलेलं काम ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या कासवाचं. एकाच घरट्यात वरची अंडी तापतात, खालची गार राहतात, म्हणजे पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघायला हवीत. प्रत्यक्षात जवळपास एकदमच निघतात. रिकी स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की पुढे गेलेल्या भावंडांच्या शेजारी ठेवलेली मागासलेली अंडी वेग वाढवून त्यांना गाठतात.

रसायनी

पाणमांजरांचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. गोठलेल्या तळ्याखाली कासव श्वास कसा घेतं? पेंटेड टर्टल घेतच नाही. ३ अंशांच्या, प्राणवायू अजिबात नसलेल्या पाण्यात ते तीन महिन्यांहून जास्त जगतं. डोनाल्ड जॅक्सन यांनी या कोड्यावर आयुष्य घालवलं. चयापचय अगदी मंद होतो, पण तरीही लॅक्टिक आम्ल साचत जातं. ते मारतं कोण? कवच. हाडातलं कार्बोनेट रक्तात उतरून आम्ल शमवतं आणि लॅक्टेटचा मोठा साठा हाडातच मुरवून ठेवला जातो. कवच म्हणजे चिलखत असं आपण शाळेत शिकलो, त्यात आम्लपित्तावरच्या गोळ्यांचं भांडारही आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मऊ पाठीच्या कासवांना हे जमत नाही, त्यांचं हाड कमी. ती कातडीतून आणि घशातून पाण्यातला प्राणवायू घेतात, त्यामुळे त्यांना पाण्यात प्राणवायू असलेली जागा लागते. तळ्याच्या तळाचं पाणी कुजकट झालं की सगळ्याच जातींना सारखा फटका बसत नाही, तो याच कारणाने.

मुकी_कासवी

माझ्या आयडीचा अपमान करणारी माहिती देते. कासवं मुकी नसतात. अॅमेझॉन खोऱ्यातल्या पोडोक्नेमिस या मोठ्या नदीकासवांवर कामीला फेरारा आणि रिचर्ड वोग्ट यांनी पाण्यात मायक्रोफोन सोडून काम केलं. पिल्लं अंड्यात असतानाच आवाज करतात, माद्या अंडी घातल्यावर नदीत थांबून राहतात आणि पिल्लं पाण्यात आली की त्यांच्यासोबत पुराच्या पाण्याने भरलेल्या जंगलाकडे निघतात. कासव अंडी घालून पाठ फिरवतं हे आपण किती ठामपणे सांगत आलोय! आवाज अगदी हलके आणि खर्जातले असतात, काठावर बसून ऐकू यायचे नाहीत.

हिरवादेठ

तळ्याकाठी, तळं कुठलं ते सांगा ना, फोटोही टाका. माझ्याकडे पाळलेलं एक स्लायडर आहे, खूप मोठं झालंय. तिथे सोडलं तर त्यालाही मित्र मिळतील.

भटकभवानी

हिरवादेठ, कृपया नको! स्लायडर जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत आहे. फ्रान्समध्ये युरोपीय तळेकासवांसोबत एकत्र ठेवून पाहिलं तेव्हा ऊन खायच्या चांगल्या जागा स्लायडरनी बळकावल्या. शिवाय आजार. ऑस्ट्रेलियातल्या बेलिंजर नदीत २०१५ मध्ये एका विषाणूने तिथल्या कासवांची जवळपास सगळी प्रौढ पिढी काही आठवड्यांत संपवली. ती जात जगात त्या एकाच नदीत आहे. तो विषाणू तिथे आला कसा, हा वाद बाजूला ठेवा. घरातला प्राणी रानातल्या पाण्यात सोडणं म्हणजे असल्या जुगाराला बसणं. प्राणिबचाव केंद्राशी बोला.

कूर्मगती

आणि तळ्याकाठी, जागेचं नाव इथे अजिबात लिहू नका. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचं शास्त्रीय वर्णन १९९४ मध्ये छापून आलं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाराने ती जात काही वर्षांत नामशेष व्हायच्या काठावर आणून ठेवली. फोटो टाकलेत तर त्यातली जागेची माहिती काढून टाका, मागचा डोंगर-देऊळही कापा. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बूट, जाळी धुऊन, निर्जंतुक करून, वाळवून मगच.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. कासवं धोक्यात असतील तर उचलून चांगल्या तळ्यात नेऊन सोडायला हरकत काय?

अनघा_पाणथळ

कासवाला नवं तळं 'चांगलं' आहे हे माहीत नसतं, हरकत ती. रॉथ आणि क्रॉकमल या संशोधकांनी अमेरिकेतल्या मेरीलंड राज्यात पेंटेड टर्टलना रेडिओ ट्रान्समीटर लावून त्यांचा पाठलाग केला. तिथे काही तळी दरवर्षी रिकामी केली जातात. स्थानिक कासवं ठरलेल्या वाटांनी नेमकी दुसऱ्या पाण्याकडे जातात. बाहेरून आणलेली लहान पिल्लं त्या वाटा शिकली. बाहेरून आणलेली मोठी कासवं मात्र भरकटली. वाट शिकायचं वय पहिल्या चारेक वर्षांत संपतं असं दिसतं. म्हणजे जाणतं कासव हलवलं की त्याच्या डोक्यातला नकाशा बाद.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार, वहीत नवे रकाने आखले आहेत: पाण्याचं तापमान, ठरावीक मिनिटांची नजर, ओळखीच्या कासवांच्या फाइली. रात्रीसाठी कॅमेरा बसवता येतो का तेही परवानगी काढून बघणार आहे. एक तातडीचं विचारायचं होतं. तळ्याच्या काठाची माती खचून एक घरटं उघडं पडलंय, अंडी दिसतायत. आधी होती तशी पुन्हा मांडून माती टाकू का?

कूर्मगती

आधी वनखात्याला किंवा परवाना असलेल्या कुणाला कळवा आणि तोवर सावली करून ठेवा. अंडी वेडीवाकडी फिरवू नका. घातल्यानंतर साधारण दिवसभरात गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की तो मरू शकतो. कोंबडीच्या अंड्यासारखं यांना फिरवायचं नसतं. त्यांनी हलवायचं ठरवलंच तर प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर जागच्या जागी मऊ पेन्सिलीने खूण करायला सांगा आणि ती खूण वरच राहील असं उचलायला. पेन नको, शाई आत झिरपते.